दंड, कार्ड आणि रजिस्टर: करमाडच्या माणसाच्या लसींचा पुरावा

लहानपणी आपल्याला कोणकोणत्या लसी टोचल्या, हा प्रश्न बहुतेकांना तिशी-चाळिशीपर्यंत पडत नाही. मग नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म येतो, परदेशी विद्यापीठ एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोसांचा पुरावा मागतं, शेजारच्या घरात गोवर निघतो किंवा सून दिवस जाण्याआधी डॉक्टरांकडे जाते. तेव्हा आईला विचारलं जातं आणि आई म्हणते, "सगळ्या टोचल्यात की तुला." ती खोटं बोलत नसते. पण कोणती लस, कितव्या महिन्यात, किती वेळा, यातलं काहीच त्या उत्तरात नसतं. इतिहासाच्या अभ्यासकाला ही साक्ष ओळखीची आहे. ती टाकून द्यायची नसते, दुसऱ्या साधनांवर घासून पाहायची असते.

उदाहरणाला औरंगाबाद-जालना रस्त्यावरचं करमाड घेतो. कारण सरळ आहे. या गावातल्या एकाच घरातल्या आजोबा, मुलगा आणि नात यांचं बालपण वेगवेगळ्या व्यवस्थांत गेलं. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची राजवट, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्वैभाषिक मुंबई आणि १९६० पासून महाराष्ट्र. मुंबईत देवीची पहिली यशस्वी लस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. मुंबई शहरासाठी १८७७ मध्ये आणि ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये लसीकरणाचे कायदे झाले. नगर त्या इलाख्यात होतं, औरंगाबाद नव्हतं. त्यामुळे नगरच्या म्हाताऱ्याला लागू पडणारं अनुमान करमाडच्या म्हाताऱ्याला जसंच्या तसं लावता येत नाही. पुस्तकांतला 'महाराष्ट्राचा' लसीकरणाचा इतिहास वाचताना मराठवाड्याच्या वाचकाने हे आधी लक्षात घ्यायला हवं.

जुने कागद इथे नाहीतच असं नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली दप्तरं उघडली, तेव्हा महसुली पत्रकं, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असं बरंच काही बाहेर आलं. त्यातलं पुष्कळ उर्दूत आणि मोडीत होतं. आपल्या कामासाठी या दप्तराचा उपयोग एकच, पण मोठा: जन्माचं खरं साल. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. मास्तरांनी प्रवेशाच्या सोयीने घातलेली ती तारीख असते. पुढचं सगळं अनुमान जन्मवर्षावर उभं राहणार असल्याने, दाखल्यावरच्या १ जूनवर विसंबून बसलो तर दोन-दोन वर्षांची चूक होऊ शकते. जन्माची मूळ नोंद किंवा दवाखान्यातला कागद सापडला, तर वजन त्यालाच द्यावं.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत मात्र सगळ्यात भरवशाचा कागद दंडावर असतो. सदऱ्याची बाही वर करून उजेडात पाहावं. देवी काढल्याचा वण बऱ्यापैकी मोठा, खोलगट, कडेकडे किरणांसारख्या रेषा गेलेला. जुन्या पद्धतीत फिरत्या दातेरी अवजाराने कातडी घासून लस लावत आणि ते एकापेक्षा जास्त ठिकाणी करत. म्हणून जुन्या माणसांच्या दंडावर असे दोन किंवा चार वण दिसतात. १९७० च्या सुमारास दोन टोकांची सुई सर्रास वापरात आली, तेव्हापासून बहुधा एकच वण. बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, वण याहून लहान असतो आणि तो डाव्या दंडावर वरच्या बाजूला. हे दोन्ही सरसकट एकच समजले जातात, त्यामुळे "मला देवी टोचलीय" असं ठासून सांगणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाच्या दंडावर पुष्कळदा बीसीजीच असतं. उलट, बीसीजी घेतलेल्या काहींच्या दंडावर वण उठतच नाही. म्हणून वण नाही याचा अर्थ लस नाही, असा निकाल लावता येत नाही.

हे वण वाचणं ही माझी कल्पना नव्हे. देवी निर्मूलनाच्या पथकांनी गावोगाव मुलांचे दंड तपासूनच लसीकरण किती झालं याचा हिशेब लावला होता. राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. गोठवून वाळवलेली लस देशात चार ठिकाणी तयार होत असे: पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद आणि आपल्या सीमाभागातलं बेळगाव. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला, एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला, मे १९८० मध्ये सगळं जग. त्यानंतर जन्मलेल्याच्या दंडावर देवीचा वण शोधू नये.

देवीचे चार वण असलेल्या करमाडच्या आजोबांना बाकी काय मिळालं असेल? त्यांच्या लहानपणी गोवर, गालगुंड, कांजिण्या घरोघर येऊन जात. हे आजार होऊन ते जगले, म्हणून या रोगांपासून त्यांना संरक्षण आहे असं धरायला हरकत नाही. पण धनुर्वात आणि घटसर्प यांची बालपणीची लस त्यांना मिळालेली असणं जवळजवळ अशक्य. शेतात पायाला खिळा लागल्यावर घेतलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं त्यांच्या खात्यावर असेल. ते घटसर्पावर चालत नाही.

पुढची पिढी थोडी गुंतागुंतीची. १९७८ मध्ये केंद्राने विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू केला. त्यात बीसीजी, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि लवकरच पोलिओ आला. गोवराची लस त्यात नव्हती. ती १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आली. तो कार्यक्रमही एकदम सगळीकडे पोचला नाही. पहिल्या वर्षी देशातले जेमतेम तीस जिल्हे, आणि १९९० पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळे. म्हणजे १९८२ मध्ये जन्मलेल्याच्या कार्डावर नवव्या महिन्यात गोवराची लस टोचल्याची तारीख दिसली, तर त्या नोंदीकडे शंकेनेच पाहावं.

कार्ड सापडलंच, तर ते वाचायचं कसं हेही सांगायला हवं. आधी घडीच्या ठिकाणी फाटलेला भाग जुळवा. मग तारखा जन्मतारखेशी ताडून पाहा. गोवराचा डोस नऊ महिने पुरे होण्याआधी दिलेला असेल, तर तो हिशेबात धरत नाहीत. त्रिगुणीच्या दोन डोसांत निदान चार आठवड्यांचं अंतर हवं. तिन्ही डोसांच्या तारखा एकाच शाईत, एकाच हाताच्या आणि एकाच बसणीतल्या दिसत असतील, तर त्या मागाहून एकदम भरल्या असण्याचा संभव असतो. हस्तलिखितांचा अभ्यासक शाईवरून हेच करतो. पल्स पोलिओचे डोस या कार्डावर शोधायला जाऊ नका. डिसेंबर १९९५ पासूनच्या त्या मोहिमांत खूण करंगळीवर होत असे, कार्डावर नव्हे.

आणि आईची साक्ष? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अंगणात बसून हाच प्रश्न विचारला जातो: कार्ड आहे का? नसेल तर आई सांगेल ते लिहून घ्यायचं. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत देशभरात साधारण दहांतल्या तिघांचं कार्ड पाहायला मिळालं. २००५-०६ मध्येही चारांच्या आतच. मूल दीड वर्षाचं असताना ही स्थिती, तर तीस वर्षांनी कार्ड सापडलं नाही म्हणून आईला बोल लावण्यात अर्थ नाही. तिची आठवण कांजिण्यांबाबत चांगली टिकते, कारण पाण्याने भरलेले फोड कोणी विसरत नाही. गोवराबाबत ती कच्ची असते. अंगावर लाल पुरळ उठला की गोवर म्हणायची आपली रीत, आणि त्यात रुबेलाही येतो, साधा विषाणूचा तापही येतो.

याच पाहणीतले महाराष्ट्राचे आकडे ओळीने वाचले तर मन खट्टू होतं. एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी सर्व मूलभूत लसी मिळालेली मुलं १९९२-९३ मध्ये ६४ टक्के, १९९८-९९ मध्ये ७८, २००५-०६ मध्ये ५९ आणि २०१५-१६ मध्ये ५६. म्हणजे १९९७ मध्ये जन्मलेल्या मोठ्या बहिणीपेक्षा २००४ मध्ये जन्मलेल्या धाकट्या भावाच्या लसी अपुऱ्या राहिल्या असण्याचा संभव जास्त. वय कमी म्हणजे लसी पुऱ्या, ही समजूत या राज्यात तरी सोडून द्यावी.

सगळ्यात मोठी फट आता पाहू. गोवराचा दुसरा डोस सरकारी कार्यक्रमात २०१० मध्ये आला. तोवर नवव्या महिन्यातला एकच डोस होता, आणि एका डोसाने साधारण पंच्याऐंशी टक्के मुलांनाच संरक्षण मिळतं. रुबेलाची लस तर नव्हतीच. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली, ती नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. हिशेब करा: २००३ च्या अखेरीआधी जन्मलेले सगळे तिच्या बाहेर राहिले. १९८८ ते २००३ या काळात जन्मून करमाडसारख्या गावात सरकारी दवाखान्याच्या भरवशावर वाढलेल्या माणसाला गोवराचा फार तर एक डोस मिळाला, रुबेलाचा एकही नाही, गालगुंडाचा नाही, कांजिण्यांचा नाही. त्याच वेळी गोवराची साथ कमी होत गेल्याने नैसर्गिक संरक्षणही पूर्वीसारखं हमखास राहिलं नाही. शहरात खासगी बालरोगतज्ज्ञाकडे नेलेल्या काही मुलांना एमएमआर मिळाली. तिची नोंद त्या दवाखान्याच्या फाइलीत असते, गावच्या आरोग्यसेविकेच्या रजिस्टरात नव्हे.

ही पिढी आज बावीस ते अडतीस वर्षांची आहे. करमाडजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यांत ती कामाला आहे आणि याच वयात तिच्या घरी मुलं जन्माला येत आहेत. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला, तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांत जन्मजात दोष राहू शकतो. मला या सगळ्या शोधात सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच वाटते.

इथे इतिहासकाराचा आणि डॉक्टरचा नियम वेगळा होतो. नोंद नाही म्हणून घटना घडलीच नाही, असं इतिहासकार म्हणत नाही. डॉक्टरला मात्र लेखी नोंद नसेल तर लस झाली नाही असं धरूनच चालावं लागतं, आणि माझ्या मते या कामात त्याचंच ऐकावं. रक्तातल्या प्रतिपिंडांची आयजीजी तपासणी काही प्रश्न सोडवते, सगळे नाही. रुबेलासाठी ती उपयोगी. कावीळ ब ची लस लागू पडली का, हे रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी दहा mIU/mL किंवा त्याहून जास्त आहे का यावरून ठरतं, आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांनी ती पाहून घ्यावी. डांग्या खोकल्यासाठी भरवशाची अशी तपासणी नाही. गोवराचा तर आणखी एक दगा आहे. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांवरच्या अभ्यासात दिसलं, की गोवर होऊन गेल्यावर इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली. शरीराचं जुनं दप्तरच तो फाडतो.

आधी संरक्षण असलेल्या निरोगी माणसाने एमएमआरचा आणखी डोस घेतला तर अपाय होत नाही. म्हणून कागदासाठी महिनोन्महिने हिंडण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घेणं सोपं. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी धनुर्वात-घटसर्पाची टीडी घ्यावी. ज्या मुली-सुनांचा जन्म २००४ च्या आधीचा आहे, त्यांनी दिवस राहण्याआधी रुबेलाची तपासणी करून घ्यावी किंवा थेट लस घ्यावी आणि नंतर निदान एक महिना थांबावं. गरोदरपणात ही लस देत नाहीत. आणि घेतलेल्या डोसाची तारीख, लसीचं नाव, दवाखान्याचा शिक्का असलेला कागद त्याच दिवशी मागून घ्या.