कोतवालबुकातला ‘ताप’

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव आणि त्याच्या आसपासची गावे यांचा आरोग्यविषयक इतिहास लिहू पाहणाऱ्याला प्रथम दप्तरांचा माग काढावा लागतो. आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. इंग्रजी अमदानीत कारंजाचा मुलूख मूर्तिजापूर तालुक्यात मोडत असे आणि तो तालुका १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यात व पुढे अकोला जिल्ह्यात होता. जिल्हे बदलले तशी कचेरी बदलली, आणि कचेरीबरोबर गावाच्या जन्ममृत्यूचे कागदही. या कागदांपैकी वऱ्हाडातील माणसाला आजही नावाने ठाऊक असलेला कागद म्हणजे कोतवालबुक, अर्थात गावात जन्मलेल्या आणि मेलेल्या माणसांची कोतवालाच्या खबरीवरून झालेली नोंदवही. वऱ्हाडच्या खेड्यांत सरकारी आरोग्यव्यवस्थेने पहिले पाऊल ठेवले ते या वहीच्या रूपाने. दवाखाना, डॉक्टर आणि औषध हे सारे पुष्कळ नंतर आले, आणि आले तेव्हाही वहीत ज्या दुखण्याला रकाना होता त्याच दुखण्याच्या मागे मुख्यतः गेले.

निजामाकडून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर गावपातळीवर जी व्यवस्था रूढ झाली, तिच्यात नोंदीची जबाबदारी पाटलाची आणि गावातील खबर राखून ती वर पोचवण्याचे काम कोतवालाचे असे. कोतवाल हा बहुतेक गावांत महार समाजातील असे. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच माणसावर घराघरांतील जन्म आणि मरण जाणून घेण्याचा भार टाकलेला होता, ही गोष्ट या इतिहासात नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गावोगावच्या आकड्यांची बेरीज होत होत ती प्रांताच्या सॅनिटरी कमिशनरकडे, म्हणजे सार्वजनिक स्वच्छता व रोगराई यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे पोचे आणि त्यावरून त्याचा वार्षिक अहवाल तयार होई. कोतवालबुकाची नक्कल हाती घेतली तर तिच्यात तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि मृत्यू असल्यास वय व कारण एवढा मजकूर मोडी किंवा बाळबोध अक्षरांत आढळतो. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव बहुधा नसते, कारण बारशाआधीच खबर गेलेली असे. आणि ज्या बाईने मूल जन्माला घातले तिचे नाव तर सहसा नसतेच.

मृत्यूच्या कारणाचा रकाना या वहीचा सर्वांत बोलका भाग होय. प्रांताच्या अहवालात कारणांचे मथळे मोजकेच असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे विकार, इतर कारणे आणि इजा; या शेवटच्या मथळ्यात आत्महत्या, अपघात, सर्पदंश आणि हिंस्र श्वापदांनी घेतलेले बळी असे पोटभेद असत. यांपैकी पटकी, म्हणजे आज ज्याला कॉलरा म्हणतात तो रोग, आणि देवी हे दोन रोग गावाला नजरेने ओळखता येत. त्यांच्यासाठी गावाच्या शिवेवर मरीमाय आणि मातामाय यांची ठाणी होती, आणि सरकारजवळही त्यांच्यावर काहीतरी उपाय होता. पटकीची खबर वर गेली की विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकले जाई, ज्याला लोक लाल दवा म्हणत. देवीसाठी लस टोचणारा कर्मचारी गावोगाव फिरे. उरलेल्या मरणांपैकी मोठा हिस्सा मात्र ‘ताप’ या एका शब्दात जमा होई. हिवताप, विषमज्वर, क्षयाचा शेवटचा टप्पा आणि बाळंतपणानंतर अंगात जंतू भिनून येणारा सूतिकाज्वर, असे एकमेकांशी संबंध नसलेले आजार तापाच्या रकान्यात शेजारी शेजारी बसले, आणि त्यांची कारणे वेगळी आहेत हे कोणत्याही आकड्यावरून कळण्याची सोय राहिली नाही. बाळंतपणात दगावलेल्या बाईला स्वतंत्र मथळा नव्हता. ती तापात किंवा इतर कारणांत मोजली गेली. बायकांच्या उपचारासाठी अमरावतीला डफरीन आणि अकोल्याला लेडी हार्डिंग ही रुग्णालये उभी राहिली खरी, आणि आजही लोक ती याच नावांनी ओळखतात. पण ती शहरात होती, आणि खेड्यातील बाळंतीण सुईणीच्या हाती होती.

या वहीची खरी परीक्षा दुष्काळात आणि साथीत झाली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनंतरच्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मधील सुमारे २८ लाख ९७ हजारांवरून सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आली. भुकेसाठी मथळा नव्हता. पोटात अन्न नसलेला माणूस शेवटी हगवणीने किंवा तापाने मरतो, आणि नोंद त्या शेवटच्या दुखण्याची होते. पुढे १९१८ च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली, तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशात सर्वाधिक झळ पोचलेल्या भागांपैकी एक ठरला. त्या वर्षी पाऊसही फसला होता. नोंद करणारा आणि खबर नेणारा हे दोघेही त्याच तापाने अंथरुणावर असताना नोंदणीची साखळी जागोजागी तुटली, आणि मृतांचा आकडा नंतर शिरगणतीच्या तुटीवरून अंदाजाने काढावा लागला. १९११ ते १९२१ हे भारताची लोकसंख्या घटलेले विसाव्या शतकातील एकमेव दशक होय. शंभर वर्षांनी कोविडच्या काळात हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, तर सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास होता आणि केंद्र सरकारने तो अंदाज अमान्य केला. आकड्यांचा वाद काहीही असो, ज्या घरातला माणूस नोंदीत ‘इतर कारण’ म्हणून गेला त्या घराला कोविडसाठीची मदत मिळवताना कागदाअभावी खेटे घालावे लागले, हा त्या वादाचा साध्या माणसाच्या बाजूने निघणारा अर्थ आहे.

‘ताप’ हा रकाना फुटला तो स्वातंत्र्यानंतर. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र असावे अशी शिफारस केली. १९५२ पासून विकासगटांबरोबर ही केंद्रे उभी राहू लागली आणि महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर ती त्यांच्याकडे सोपवली गेली. याच काळात, १९५३ मध्ये, राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घरांवर डीडीटीची फवारणी करणारे आणि ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेणारे कर्मचारी खेड्यात येऊ लागले, भिंतीवर भेटीची तारीख लिहू लागले, आणि एखाद्याचा ताप हिवताप आहे की नाही हे गावात प्रथमच पुराव्याने ठरू लागले. देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना होणारा आणि सुमारे आठ लाखांचा बळी घेणारा हा रोग १९६५ पर्यंत लाखभर रुग्णांवर आला, आणि ढिलाई होताच १९७६ मध्ये तो पुन्हा ६४ लाखांवर गेला. मोजणी चालू असताना रोग उतरला व मोजणी सैलावताच उसळला, हे त्या कार्यक्रमाच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. त्यानंतर गावची नोंद ग्रामपंचायतीकडे आली आणि कोतवालबुक अभिलेखागारात जाऊन बसले. आज वऱ्हाडात ते उघडले जाते ते जातीच्या दाखल्यासाठी. जात पडताळणीत जुना पुरावा लागतो, आणि २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदींचा शोध राज्यभर वाढला. पणजोबाच्या नावापुढचा जातीचा रकाना जीर्ण कागदातून भिंग लावून वाचला जातो, आणि त्याच ओळीतले मृत्यूचे कारण कोणी वाचत नाही. या पुराव्याची गरज असलेल्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु गावोगावच्या या वह्यांचा आरोग्याच्या दृष्टीने एकत्रित अभ्यास व्हावयास हवा, आणि कागदाचे तुकडे पडण्याआधी व्हावयास हवा.

नोंदीची सूत्रे कोतवालाकडून गेली ती अखेर बायकांच्या हाती आली. उपकेंद्रातील एएनएम, म्हणजे ज्यांना गावात नर्सबाई म्हणतात त्या, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून नेमल्या गेलेल्या आशा स्वयंसेविका यांच्या डायरीत आज गरोदर बाई पहिल्या तिमाहीतच टिपली जाते. या बदलाचे मूळ विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी आणि नोंद शिकवली, त्यातून नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, आणि २००१ मधील ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील बालमृत्यूंचे सरकारी आकडे किती अपुरे होते हे दाखवून दिले. घरी येऊन बाळाला तपासण्याच्या आशांच्या आजच्या कामाची घडण याच प्रयोगावरून झाली. रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे असते; वजनकाट्याच्या झोळीत बाळ ठेवायचे, काखेत थर्मामीटर लावायचा, श्वास मोजायचे आणि लिहायचे. याचा मोबदला मिळतो, पण पगार म्हणून नाही. कोतवालाप्रमाणेच आशाही व्यवस्थेच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभी आहे आणि वरचे सारे आकडे तिच्या अक्षरांवर उभे आहेत. २०१८ मध्ये वाशिमची निवड आकांक्षित जिल्ह्यांत झाली तेव्हापासून तर या आकड्यांवरून जिल्ह्याचा क्रमही लागतो. जी मोजणी जिल्ह्याची पत ठरवते तिच्यासाठी नियमित वेतन देता येत नाही, हे पटण्यासारखे नाही.

‘इजा’ या जुन्या मथळ्याखालचा आत्महत्येचा पोटभेद या भागात पुढे स्वतंत्र प्रश्न होऊन बसला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली त्यांत वाशिम होता. शेतकऱ्याच्या मरणाची तेव्हापासून जी नोंद होते ती मुख्यतः महसूल खात्याची आहे: जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे, आणि शेवटी प्रकरण पात्र की अपात्र. सावकाराचे कर्ज, नावावर शेत नसलेली बाई आणि शेतमजूर यांना या रकान्यांत जागा सापडणे अवघड जाते. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने या मरणाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले, आणि आशांनी घरोघर जाऊन झोप, भूक, निराशा यांविषयी प्रश्न विचारण्याची पद्धत आणली. मात्र प्रश्नावलीत गंभीर ठरलेल्या माणसाला पुढे मानसोपचारतज्ज्ञापर्यंत जायचे तर शहरच गाठावे लागते.

कामरगावच्या परिसरातील रुग्णाचा प्रवास आजही याच वाटेने होतो. गावातला सरकारी दवाखाना, तेथून कारंजा, आणि तेथून चिठ्ठीवर ‘रेफर’ लिहून मिळाले की अमरावतीचे इर्विन किंवा डफरीन, नाहीतर अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, आणि २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. घरी मेलेल्या माणसाच्या मृत्यूचे कारण मात्र अजूनही बहुधा नातेवाइकांच्या तोंडून ग्रामपंचायतीच्या अर्जावर उतरते. २०२० मध्ये देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्क्यांनाच डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण होते. जुन्या वहीत जिथे ‘ताप’ लिहिला जाई तिथे आता ‘हृदयविकाराचा झटका’ किंवा ‘वृद्धापकाळ’ लिहिले जाते. माता आणि बालके यांच्या मृत्यूची घरी जाऊन चौकशी करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. चाळिशीत दगावलेल्या शेतमजुराच्या घरी तशी चौकशी करणारा कोणी अद्याप नेमलेला नाही.