तीनाचे बारा कसे वाजले

२०२५ साली आठ दिवसांत तीन उपवास आले. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र, २ मार्चला पहिला रोजा आणि ५ मार्चला राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती प्रायश्चित्तकाळाची सुरुवात. शिवरात्रीला आपला प्रश्न एकच असतो, "हे चालतं का?" भगर चालते, भात चालत नाही, बटाटा चालतो, वांगं नाही. रोजेदाराला हा प्रश्न पडत नाही. त्याचा प्रश्न असतो, "किती वाजता?" आणि मिनिटांचा हिशेब मांडलेलं वेळापत्रक त्याच्या भिंतीवर लटकत असतं. आता वसईतल्या एखाद्या कॅथलिक घरात डोकवा. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी तिथे मटण नाही, कोंबडी नाही, मासे मात्र चालतात. म्हणजे पुन्हा "चालतं का"चाच मामला. त्यामुळे हा उपवास आपल्या एकादशीचा लांबचा भाऊ वाटतो. पण त्याची कुळी शोधत गेलं, तर तो मुळात रोज्याच्या घरचा निघतो. घड्याळातला हा उपवास ताटात कसा उतरला, याची गोष्ट मोठी मजेची आहे.

आपल्या धर्मशास्त्रात यासाठी दोन नेमके शब्द आहेत. दिवसभर काही न खाता रात्री एकदाच जेवायचं ते नक्त. दुपारी एकदाच जेवायचं ते एकभुक्त. ख्रिस्ती उपवास नक्त म्हणून जन्मला आणि एकभुक्त होऊन म्हातारा झाला.

जन्म साधाच होता. दुसऱ्या शतकाच्या शेवटी ल्यों शहराचे बिशप इरेनियस यांनी रोमच्या पोपना एक पत्र लिहिलं. ईस्टरच्या आधी कोणी एक दिवस उपवास करतं, कोणी दोन दिवस, कोणी आणखी जास्त, तर कोणी रात्र-दिवस मिळून ४० तास, असं त्यात आहे. कारण शोकाचं होतं. येशू थडग्यात आहे, तोवर घरात चूल कशी पेटवायची? आपल्याकडचं कारण अगदी वेगळं. शतपथ ब्राह्मणात यज्ञाच्या आदल्या दिवशी देव यजमानाच्या घरी, जवळ, वस्तीला येतात. म्हणून तो उप-वास. पाहुणे जेवायचेत, तर यजमानाने आधी कसं जेवावं? म्हणजे एकीकडे सुतक, दुसरीकडे पाहुणचार, आणि दोन्ही घरांत पोट रिकामंच.

आठवड्याचे वार त्याही आधी ठरले होते. 'दिदाखे' नावाच्या अगदी जुन्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेत सांगितलंय, की ते ढोंगी सोमवारी आणि गुरुवारी उपवास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. ज्यू परंपरेतले उपवासाचे वार सोमवार-गुरुवारच. श्रद्धेपेक्षा शेजाऱ्यापासून वेगळं दिसण्याची ही निकड आपल्याला नवी नाही. कॅलेंडरात स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी दोन दिवसांवर छापलेल्या असतातच की. इस्लाममध्येही मोहरमच्या दहाव्या दिवशीच्या उपवासाला नववा दिवस जोडतात, तो ज्यूंहून निराळं राहावं म्हणून. वेगळेपणाची एवढी काळजी घेतली, तरी शब्द एकाच मुळाचे राहिले. हिब्रूतला 'त्सोम', सीरियाकमधला 'सौमा' आणि अरबीतला 'सौम' ही सख्खी भावंडं आहेत. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी तर एलूल महिन्यातल्या उपवासांना 'रमजान'च म्हटलं, आणि योम किप्पूरला अस्सल मराठी नाव दिलं, दारफाळणीचा सण. दारं लावून, पांढरे कपडे घालून, दिवसभर अन्नपाण्यावाचून घरात बसायचं.

चाळीस तासांचे चाळीस दिवस चौथ्या शतकात झाले. ३२५ सालच्या निकाया इथल्या धर्मपरिषदेच्या नियमांत 'चाळीस'चा ओझरता उल्लेख आहे. पुढे पंधराएक वर्षांनी इजिप्तचे बिशप अथानासियस यांनी रोमहून आपल्या लोकांना कळवलं, की सगळं जग उपवास करतंय आणि तुम्ही तेवढे जेवताय, लोक हसतील. आकड्याला आधार भक्कम होता. मोशे सिनाय पर्वतावर ४० दिवस, एलिया होरेबच्या वाटेवर ४० दिवस, येशू अरण्यात ४० दिवस. हिशेब मात्र जुळेना. रविवार आनंदाचा, त्या दिवशी उपवास नाही. सहा आठवड्यांतून रविवार वजा केले की उरतात ३६. पोप थोरले ग्रेगरी म्हणाले, बरोबरच आहे, वर्षाचा दशांश देवाला. पण चाळीसचा मोह सुटला नाही, आणि पुढे चार दिवस आधी सुरुवात करून भरती करण्यात आली. म्हणून राख बुधवारी लावतात. मिलान शहराने आपल्या जुन्या विधीत ही भरती मानली नाही. तिथे आजही हा काळ रविवारी सुरू होतो आणि कार्निव्हल शनिवारपर्यंत चालतो. लॅटिनमध्ये चाळिसाव्याला 'क्वाद्राजेसिमा', पोर्तुगीजांत 'क्वारेज्मा', तोच गोव्यात 'कोरेज्म'. त्याच्या आधीचा धुडगूस तो 'इंत्रुज', म्हणजे दाराशी येणं. श्रावणाच्या दाराशी आपली गटारी असते, तिला असलं घरंदाज नाव मिळालं नाही एवढंच.

आता घड्याळाकडे येऊ. जुन्या रोमी मोजणीत दिवसाचे बारा तास. नववा तास, 'नोना', म्हणजे आपला तिसरा प्रहर संपतो ती वेळ, दुपारचे तीन. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यात हिवाळ्यातलं जेवण नवव्या तासाला आहे आणि या चाळीस दिवसांत थेट संध्याकाळी. मात्र जेवताना दिवा लावावा लागू नये, उजेड आहे तोवरच सगळं आटोपावं. हे वाचून कुणाही जैन वाचकाला ओळखीचं वाटेल. फरक असा, की सूर्यास्तानंतर न जेवण्यामागे त्याच्याकडे जीवहिंसेचा विचार आहे, बेनेडिक्टकडे शिस्तीचा.

नियम असा होता, की उपवासाच्या दिवशी सायंप्रार्थना झाल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. भूक तर तिसऱ्या प्रहरीच बोंब मारते. मग सापही मरावा आणि काठीही तुटू नये, अशी युक्ती निघाली. जेवण अलीकडे ओढायचं नाही, प्रार्थनाच अलीकडे ओढायची. जेवण आधी संध्याकाळवरून तीनवर आलं. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस नवव्या तासाचीच बाजू मांडत होते, तरी पुढच्या शतकात ते बारावर येऊन ठेपलं, आणि सायंप्रार्थना भर दुपारच्या आत म्हणण्याची रीत पुढे विसाव्या शतकापर्यंत चालली. जेवणाबरोबर 'नोना' हा शब्दही घरंगळत आला. इंग्रजीतला 'नून' म्हणजे मुळात तीन वाजता. आज तो बाराला वाजतो. भुकेने भाषेतलं घड्याळ तीन तास मागे फिरवल्याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

दुपारी जेवल्यावर रात्री पुन्हा पोट जागं होणारच. मठात संध्याकाळी कासियन यांचा 'कोलात्सियोनेस' हा ग्रंथ वाचत, तेव्हा घोटभर पेय मिळे. पेयासोबत भाकरीचा तुकडा आला आणि त्या अल्पोपाहाराचंच नाव 'कोलात्सियो' पडलं. इटालियन माणूस आज सकाळी जी 'कोलात्सिओने' करतो, ती तीच. हसायचं असेल तर आधी फलाहाराचा फराळ आणि फराळाच्या चकल्या झाल्या, ते आठवावं.

वेळ ढिली झाली, तसा सगळा कडकपणा ताटावर आला. ताटाबाबत एकमत कधीच नव्हतं. पाचव्या शतकातले इतिहासकार सॉक्रेटिस (विष प्यालेले ते हे नव्हेत) सांगतात, की काही जण फक्त मासे खातात आणि काही माशांबरोबर पक्षीही, कारण उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे पक्षीही पाण्यातूनच निर्माण झाले! मालवणी माणूस या युक्तिवादाला दाद देईल. पुढे युरोपात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य झालं. दक्षिणेत ऑलिव्हचं तेल होतं, तिथे अडलं नाही. उत्तरेने काय करावं? तिथे लोणी खाण्याची सवलत पैसे भरून मिळू लागली. फ्रान्समधल्या रुआँच्या कॅथेड्रलचा १४८५ मध्ये बांधायला घेतलेला एक मनोरा अशाच पैशांतून उभा राहिला, आणि त्याचं नावच लोण्याचा मनोरा. १५२२ साली झुरिकमध्ये फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी उपवासाच्या याच चाळीस दिवसांत सॉसेज कापून वाटलं गेलं. धर्मगुरू झ्विंग्ली तिथे हजर होते. त्यांनी खाल्लं नाही, पण खाणाऱ्यांची बाजू घेऊन प्रवचन दिलं, आणि तिथून झुरिकची धर्मसुधारणा पेटली.

कॅथलिकांसाठी १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी सक्तीचे उपवासाचे दिवस दोनच ठेवले, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन हलके घास, तेही वयाची साठी लागेपर्यंतच. शुक्रवारचं मांसवर्जन उरलं.

सगळीकडे असं झालं नाही. केरळच्या सुरियानी ख्रिस्तींचा 'अंबदु नोंबू' पन्नास दिवसांचा असतो, त्यात मांस, मासे, दूध, अंडी काहीच नाही. इथिओपियात हा काळ ५५ दिवसांचा. ताटात प्राण्यापासून आलेलं काही नाही, आणि नेमाने करणारा तिसऱ्या प्रहरापर्यंत पाणीही घेत नाही. घड्याळ आणि ताट दोन्ही तिथे जागच्या जागी आहेत. तीनाचे बारा वाजले नाहीत.

रोमी चर्चमध्येही एक दिवस परत तीनवर आला. शुभवर्तमानांत येशूने प्राण सोडले ते नवव्या तासाला. पण विधी अलीकडे ओढण्याच्या त्याच सवयीने शतकानुशतकं शुभ शुक्रवारची उपासनाही सकाळीच उरकली जात असे. १९५५ साली पायस बारावे यांनी ती दुपारी परत नेली. म्हणून आता त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला उपासना सुरू होते. वेदीवर कापड नसतं, मेणबत्त्या नसतात, आणि घंटाही वाजत नाही.