पान्याची कुळकथा

खंडेनवमीच्या दिवशी मोटारदुरुस्तीच्या एखाद्या लहानशा गॅरेजात आपण डोकावलात, तर एक प्रसन्न दृश्य दृष्टीस पडते. वर्षभर वंगणाने माखलेली हत्यारे त्या दिवशी रॉकेलने धुऊन, पुसून, एका फळीवर ओळीने मांडलेली असतात. पाने, पकडी, कानशी, छिन्न्या, हातोड्या या साऱ्यांवर हळदकुंकू वाहिलेले असते आणि झेंडूचे एकेक फूल ठेवलेले असते. आपण हात जोडतो, प्रसाद घेतो आणि बाहेर पडतो. पण श्रोतेहो, तेथे क्षणभर रेंगाळून त्या पान्यांवरचे आकडे जो वाचील, त्याला गेल्या दोन शतकांचा इतिहास त्या फळीवर मांडलेला आढळेल. एकावर अपूर्णांकातला इंची आकडा असतो, दुसऱ्यावर मिलिमीटरचा. तिसऱ्यावर इंचाचा तोच अपूर्णांक असूनही त्याचा जबडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. हा घोटाळा कोठून आला? आणि ज्या कारागिराच्या खिशात मोजकेच रुपये आहेत, त्याला चांगले हत्यार परवडू लागले ते केव्हा आणि कसे? याच प्रश्नांचा मागोवा आज आपण घेणार आहोत.

हत्यार विकत घेणे ही कल्पनाच मुळी फार जुनी नाही. आपल्या गावगाड्यातला लोहार आपला सांडस स्वतः घडवी, आपला घण स्वतः ओढी, आणि सुताराची पटाशी, वाकसही तोच बनवून देई. हत्यार बापाकडून मुलाकडे जाई. त्याची किंमत पैशात कोणी केली नाही. ती बलुत्याच्या धान्यात मिसळून गेलेली असे. यंत्रयुग आले आणि हा क्रम मोडला. यंत्राला नट आले, बोल्ट आले. त्यांना फिरवणारा पाना असा हवा की, तो नटावर काटेकोर बसला पाहिजे. कारागिराने अंदाजाने घडवलेला पाना तेथे चालेना.

तथापि आरंभी काटेकोरपणा नटातच नव्हता, मग पान्यात कोठून येणार? अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आटे बहुधा हाताने पाडले जात. ज्या बोल्टासाठी जो नट केला, तो त्यालाच बसे, शेजारच्याला बसत नसे. यंत्र खोलायचे झाले तर नटबोल्टांच्या जोड्या खुणा करून जपून ठेवाव्या लागत. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने आटे कापण्याचा अचूक लेथ सिद्ध केला आणि आट्यात सारखेपणा येऊ लागला. परंतु तो सारखेपणा एकेका कारखान्यापुरता होता. मॉडस्लेच्याच हाताखाली शिकलेला जोसेफ व्हिटवर्थ पुढे मँचेस्टरला स्थायिक झाला. त्याने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांचे मोजमाप केले आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच प्रमाण सुचवले. आट्याचा कोन ५५ अंशांचा, आणि बोल्टाच्या प्रत्येक जाडीला एका इंचात किती आटे असावेत तेही ठरलेले. इंग्लंडमधील रेल्वे कंपन्यांनी ते उचलले, आणि त्यांच्या रुळांबरोबर ते हिंदुस्थानातही उतरले.

व्हिटवर्थचे हे काम इंजिनिअरांच्या ग्रंथांत गौरवाने नोंदलेले आहे. पण गरीब मेकॅनिकवर त्याचे जे उपकार झाले त्यांची नोंद क्वचितच होते. शंभर कारखान्यांचे शंभर आकार असतील, तर शंभर पाने हवेत. आकार ठरावीक झाले की दहा-बारा पान्यांत संसार भागतो. हत्यारांचा खर्च कमी करणारे पहिले पाऊल कोणा दुकानदाराने उचलले नाही. ते या प्रमाणीकरणाने उचलले.

दुर्दैवाने प्रमाण एक राहिले नाही. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी निराळा आटा सुचवला. व्हिटवर्थच्या आट्याचा माथा गोलसर, तो घडवण्यास अवघड. सेलर्सचा सपाट माथ्याचा आणि ६० अंशांचा, तो साध्या कारखान्यातही कापता येण्याजोगा. युरोप खंडाने मिलिमीटरचा मार्ग धरला. शिवाय पान्यावर आकडा कोणता घालावा यातही मतभेद. इंग्रजी पान्यावर बोल्टाच्या दांड्याची जाडी लिहीत, अमेरिकन पान्यावर नटाच्या समोरासमोरील बाजूंतले अंतर लिहीत. आपल्या फळीवरच्या त्या दोन पान्यांचे कोडे येथे सुटते. ३/८ इंच असा आकडा असलेला व्हिटवर्थ पाना जवळजवळ पाऊण इंची नटाला लागतो. तोच आकडा असलेला अमेरिकन पाना खरोखरच ३/८ इंची असतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना एकमेकांची यंत्रे दुरुस्त करताना या भेदाची मोठी किंमत मोजावी लागली. म्हणून १९४८ मध्ये अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी एकत्रित आट्याचा करार केला.

या परक्या भांडणाचा खर्च आपल्या मेकॅनिकांनीही सोसला आहे. मद्रासच्या बुलेट मोटारसायकलीने इंग्रजी मापे आणली. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी अँबॅसडर इंची नटांची. तर मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट मिलिमीटरची. म्हणजे कलकत्त्याच्या टॅक्सीचा मेकॅनिक मुंबईत आला, तर त्याची निम्मी पेटी निरुपयोगी ठरे. १९५६ मध्ये आपल्या संसदेने मेट्रिक मापांचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने अमलात आली. पण चालत्या गाड्यांचे नट कायद्याने बदलत नाहीत. अशा वेळी कारागिराने आपल्या अनुभवातून एक गणित बसवले. १९ मिलिमीटरचा पाना पाऊण इंची नटाला निर्धास्त लावावा, कारण फरक केसाएवढा आहे; ११ चा पाना ७/१६ ला चालतो, १६ चा ५/८ ला. पण १६ चा पाना नाही म्हणून ५/८ ला १७ चा लावलात, तर नटाचे कोपरे गेलेच म्हणून समजा. हे कोष्टक कोठल्याही शाळेत शिकवलेले नसते. दोन पान्यांचे पैसे वाचवण्याच्या गरजेतून ते पाठ झालेले असते.

पैसे वाचवण्याच्या याच गरजेचे दुसरे अपत्य म्हणजे कमीजास्त होणारा पाना. स्वीडनमधील एन्शपिंग गावच्या योहान पेटर योहानसनने १८९२ मध्ये त्याचे जे पेटंट घेतले, तेच रूप थोड्याफार फरकाने आजही जगभर चालते. एका आट्याच्या फिरकीवर जबडा मागेपुढे सरकतो आणि एकच पाना अनेक पान्यांचे काम करतो. ही युक्ती मोठी खरी. पण सरकत्या जबड्याला थोडी ढिलाई राहणारच. म्हणून जाणते उस्ताद सांगतात की, हा पाना घरात असावा, नळाच्या कामाला असावा. पण इंजिनाच्या घट्ट नटाला तो शेवटचा उपाय म्हणून लावावा, आणि लावलाच तर जोर स्थिर जबड्यावर येईल असा लावावा.

विसाव्या शतकात मोटार आली आणि हत्यारांचा खरा बाजार उभा राहिला. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत तशा दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. खेडोपाडी मेकॅनिक निर्माण झाला. त्याला हवे होते हलके, बारीक जागेत शिरणारे आणि तरीही न तुटणारे हत्यार. बिडाचा ओतीव पाना जाड करावा लागे आणि तरी एखाद्या दिवशी कडकन मोडे. तापलेल्या पोलादावर ठशांतून घण घालून घडवलेला पाना त्याहून कितीतरी चिवट. आणि त्या पोलादात क्रोमियम व व्हॅनेडियम यांचा अंश मिसळून त्याला योग्य पाणी दिले, म्हणजे बारीक अंगाचा पानाही मोठा जोर सोसतो. पोलादाला पाणी देण्याची विद्या आपल्या लोहारांना परकी नव्हती. कारखान्यांनी ती तापमापकाच्या हवाली केली एवढेच.

१९२० मध्ये मिलवॉकी शहरी जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सायडमन यांनी एक साधी गोष्ट केली. तोपर्यंत प्रत्येक सॉकेटला स्वतःची मूठ जोडलेली असे. त्यांनी दहा सॉकेट वेगळे केले, पाच मुठी वेगळ्या केल्या आणि पाच मुठी पन्नास हत्यारांचे काम करतात असा डांगोरा पिटला. हीच स्नॅप-ऑन कंपनी. तिने दुकानात वाट पाहण्याऐवजी मेकॅनिकच्या दाराशी जाऊन माल दाखवला आणि पुढे हप्त्याहप्त्याने पैसेही घेतले. तिची हत्यारे उत्तम, पण महाग. १९२७ मध्ये सीअर्स या दुकानाने क्राफ्ट्समन हे नाव घेतले आणि उलट बाजूने सुरुवात केली. शेतकऱ्याला आणि घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्याला परवडेल असा भाव, आणि पुढे त्याच्या जोडीला एक वचन: हत्यार मोडले तर घेऊन या, नवे घेऊन जा. ते वचन अनेक दशके पाळले गेले. २०१७ मध्ये सीअर्सने ते नावही विकून टाकले. परंतु स्वस्त हत्यार आणि हलके हत्यार या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या वचनाने सामान्य गिऱ्हाइकाला पटवून दिले होते.

आपल्या देशात ही जबाबदारी प्रामुख्याने पंजाबने उचलली. जालंधर आणि लुधियाना या शहरांत लहानमोठ्या भट्ट्यांतून पाने, पकडी आणि व्हाइस घडू लागले. आज तेथील माल परदेशी बाजारांतही जातो. या कारागिरीला शास्त्राची जोड मिळावी म्हणून १९८३ मध्ये जालंधरला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ हँड टूल्स ही संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात १९६९ पासून टपारिया कंपनीने स्वीडिश तंत्राच्या साहाय्याने हत्यारे बनवण्यास आरंभ केला आणि नाशिकच्या कारखान्यातली पक्कड विजेच्या तारा ओढणाऱ्याच्या कमरेला दिसू लागली. परदेशी पाना हीच एकेकाळी चांगुलपणाची खूण होती. ती समजूत पुसण्यासाठी भाषणे उपयोगी पडली नसती; तेवढ्याच तोडीचा पाना कमी पैशात हाती यावा लागला.

आता प्रश्न उरतो तो निवडीचा. थोडक्या पैशांत पेटी भरणारे जुने मेकॅनिक पन्नास नगांचा चकचकीत संच पाहून भुलत नाहीत. त्यातले तीस नग वर्षानुवर्षे हलत नाहीत, हे त्यांना ठाऊक असते. १०, १३, १७ आणि १९ या मापांवर निम्म्याहून अधिक काम निघते. गाडी जपानी घराण्याची असेल, तर १२ आणि १४ हवेत. तेवढेच पाने प्रथम घ्यावेत, पण ते उत्तम घ्यावेत. पुढची मापे काम पडेल तशी जोडावीत. घट्ट नटासाठी रिंग पाना, कारण तो नटाला सर्व बाजूंनी कवळतो; उघड्या जबड्याचा पाना जेथे रिंग शिरत नाही तेथे. सॉकेट घ्यायचे तर आतून सहा कोनांचे घ्यावे. बारा कोनांचे लावण्यास सोपे, पण झिजलेल्या नटावर घसरते. खर्च करायचा तो जोर सोसणाऱ्या हत्यारावर. हातोडी आणि छिन्नी साधी असली तरी चालते.

जुन्या बाजारातही चांगले हत्यार मिळते. मुंबईच्या चोरबाजारात गंजलेल्या ढिगात एखादा जुना घडीव पाना हाती लागतो. मात्र तेथे डोळे उघडे हवेत. जबड्याची दोन्ही तोंडे समांतर आहेत का, ते नवा नट घालून पाहावे. फाकलेला जबडा दुरुस्त होत नाही. दांड्यावर वेल्डिंगची खूण किंवा निळसर झाक दिसली, तर तो पाना कोणीतरी भट्टीत तापवला आहे आणि त्याचे पाणी उतरले आहे, असे समजून खाली ठेवावा. वरवरच्या गंजाचे भय नको. तो रॉकेलमध्ये रात्रभर भिजवला की सुटतो.

हा सारा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर मेकॅनिकच्या हातावर लिहिलेले असते. हलका पाना नटावरून निसटतो तेव्हा मूठ इंजिनाच्या पत्र्यावर आदळते आणि बोटांची सालटी निघतात. नटाचे कोपरे झिजतात, मग तो छिन्नीने तोडावा लागतो. पाव तासाच्या कामाला अर्धा दिवस जातो, गिऱ्हाईक रागावते आणि मजुरी बुडते. स्वस्तात घेतलेल्या पान्याची उरलेली किंमत ही अशी हप्त्याहप्त्याने वसूल होते, आणि ती चुकती करतो तो बहुधा हाताखालचा पोरगा.

त्या पोरग्याचाही एक इतिहास आहे. तो गॅरेजात येतो तेव्हा उस्तादाने हाक मारली की दहाचा पाना पळत आणून देणे एवढेच त्याचे काम. हत्यार उस्तादाचे, पेटी उस्तादाची, आणि म्हणून धंदाही उस्तादाचा. मग एखाद्या महिन्याच्या मजुरीतून तो स्वतःचा पहिला पाना घेतो. पुढच्या महिन्यात दुसरा. दोन-तीन वर्षांत एक लहानशी पेटी भरते. ज्या दिवशी ती भरते, त्या दिवशी तो कोणत्याही गावी, कोणत्याही रस्त्याच्या कडेला आपले दुकान मांडू शकतो.

म्हणून पुढच्या खंडेनवमीला त्या फळीसमोर हात जोडताना एका बाजूला ठेवलेला तो एकुलता एक नवा पाना जरूर पाहावा. व्हिटवर्थचे मोजमाप, सेलर्सचा साधेपणा, योहानसनची युक्ती, जालंधरच्या भट्टीतली धग हे सारे त्यात आहेच. पण त्यावर वाहिलेले फूल त्या मुलाने स्वतःच्या पैशांनी आणलेले असते.