हृदयविकाराच्या झटक्यानंतरचा ईसीजी

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर हृदयस्नायूचे किती नुकसान झाले आणि उरलेला स्नायू कितपत काम करतो, याचा अंदाज देणाऱ्या विद्युत् हृल्लेखावरील (ईसीजीवरील) खुणा. हा आलेख विजेची नोंद करतो, आकुंचनाची नाही; त्यामुळे त्यावरून ‘पंपिंग’बद्दल काढलेला निष्कर्ष अप्रत्यक्षच असतो. रुग्ण आणि नातेवाईक नेमके हेच विसरतात. या तंत्राचे जनक विलेम आइंटहोव्हेन यांना १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, १९२० मध्ये, न्यूयॉर्कचे हॅरल्ड पार्डी यांनी हृद्रोहिणी बंद पडल्यावर एसटी भागात (क्यूआरएस या मुख्य लहरींनंतरच्या रेषेच्या तुकड्यात) होणारा बदल वर्णिला होता.

सर्वांत परिचित खूण म्हणजे क्यू लहर. मेलेल्या स्नायूतून विद्युत्-लहर उठत नाही, म्हणून त्याच्यासमोरच्या इलेक्ट्रोडला पलीकडच्या भिंतीतून दूर जाणारी वीज तेवढी जाणवते आणि रेषा खाली जाते. कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो, म्हणजे एक छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, क्यू निदान तेवढी रुंद हवी, हा जुना रूढ निकष. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमधील (हृदयाकडे बघण्याच्या कोनांमधील) क्यू हृदयाचा खालचा भाग दाखवते, व्ही१ ते व्ही४ मधील पुढचा. एकट्या तिसऱ्या लीडमधील क्यू मात्र पुष्कळदा निरोगी माणसातही आढळते. तिच्यावरून ‘जुना अटॅक’ असा शेरा मारणे घाईचे ठरते. उलट काहींची खरी क्यूही कालांतराने पुसट होते. अशा वेळी जुना आलेख हाताशी असावा लागतो. थर्मल कागदावरची रेषा काही वर्षांत उडते, तेव्हा त्याची झेरॉक्स काढून ठेवणे शहाणपणाचे.

एसटी भाग काळाचा हिशेब सांगतो. गुठळी विरघळवणारे औषध दिल्यावर ६० ते ९० मिनिटांत वर चढलेला एसटी निम्म्याहून अधिक उतरला, तर स्नायूला रक्त पुन्हा मिळू लागले असे धरतात. न उतरल्यास तातडीच्या अँजिओप्लास्टीचा विचार होतो. याउलट क्यूसोबत एसटी कित्येक आठवडे चढलेलाच राहिला, तर डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) भिंतीला फुगा आल्याची शंका घेतात. असा भाग आकुंचनाच्या वेळी आत येण्याऐवजी बाहेर फुगतो.

नुकसान आकड्यात मांडण्याचा प्रयत्न रोनाल्ड सेल्व्हेस्टर यांच्या गुणांकनात दिसतो. क्यूआरएस लहरींची रुंदी व उंची मोजून गुण देतात. एक गुण म्हणजे डाव्या जवनिकेचा सुमारे ३ टक्के स्नायू व्रणात गेला, असा हिशेब. मोजणी किचकट असल्याने रोजच्या वॉर्डात ती क्वचितच होते.

आलेख पूर्णपणे निर्दोष असेल तर पंपिंग फार घटलेले असण्याची शक्यता कमी. पण सदोष आलेखावरून ते घटलेच, असे म्हणता येत नाही. ईएफ, म्हणजे दर ठोक्याला जवनिकेतील किती टक्के रक्त बाहेर पडते हे प्रमाण, मुख्यतः टूडी इकोवर बघतात. ते ३५ टक्के किंवा कमी राहिल्यास शरीरात डिफिब्रिलेटर (हृदयाची धोकादायक लय विजेच्या धक्क्याने थांबवणारे यंत्र) बसवण्याचा विचार होतो, तोही झटक्यानंतर किमान ४० दिवस थांबून, कारण दरम्यान बधिर झालेला स्नायू सावरू शकतो. यंत्राच्या निवडीत ईसीजी पुन्हा महत्त्वाचा ठरतो: हृदयातील विद्युत्-मार्गाच्या डाव्या शाखेचा अडथळा आणि १५० मिलिसेकंदांहून रुंद क्यूआरएस असल्यास दोन्ही जवनिका एकाच वेळी चालवणाऱ्या पेसमेकरचा लाभ अधिक होतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ईसीजीवरून घटलेली ईएफ ओळखणारी संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. तिचा उपयोग छाननीपुरता. निदान पक्के करायला इको लागतोच.