फुसका बार

एखादं रिलीज महिनाभर गाजावाजा करून बाहेर पडतं आणि सोमवारी कळतं की ते कुणी उघडूनही बघितलेलं नाही. मग टपरीवर चहा घेताना कोणीतरी म्हणतंच, "फुसका बार निघाला राव." पुढाऱ्याच्या भाषणालाही आपण हेच म्हणतो आणि दिवाळीत न उडालेल्या सुतळी बॉम्बलाही. पण 'बार' म्हणजे बंदुकीत किंवा तोफेत एका वेळी भरायची दारू, आणि ती उडाल्याचा आवाजही. चाप ओढला आणि आवाजच आला नाही, की बार फुसका. बंदूक वापरणाऱ्या प्रत्येकाला या एका गोष्टीने शेकडो वर्षं छळलंय. तर मंडळी, या वीकांताला त्या बगचा इतिहास.

सुरुवात तोड्याच्या बंदुकीपासून करू. शिवकाळात आपल्याकडे हीच चाले. नळीत दारू आणि गोळी गजाने ठासायची. नळीच्या बाजूला बारीक भोक, त्याला 'कान' म्हणत. कानाशी छोटी पेटी, तिच्यात चिमूटभर बारीक दारू, ती 'रंजक'. चाप ओढला की जळता तोडा रंजकेवर टेकायचा, रंजक पेटायची, आग कानातून आत जायची आणि बार उडायचा. म्हणजे बघा, एका गोळीसाठी चार पायऱ्या, आणि चारपैकी कुठलीही फसू शकते. तोडा विझलेला, रंजक ओली किंवा वाऱ्याने उडालेली, कान काजळीने बुजलेला, आतली दारू सादळलेली. पुष्कळदा रंजक भक्कन पेटायची आणि पुढे काहीच नाही. लॉगमध्ये 'सक्सेस' आणि प्रत्यक्षात शून्य!

पावसाळ्यात छावण्या टाकून बसायचं आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं, यामागे नद्यांचे पूर, चिखल, घोड्यांची वैरण अशी मोठी कारणं होतीच. पण ओली दारू हेही त्यातलं एक. सोरा, गंधक आणि कोळशाची दारू दमट हवेत लगेच सादळते.

पुढे चकमकीची बंदूक आली. तोडा गेला, गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडायची. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला वेलस्लीची फौज आणि शिंद्यांची कवायती पलटणं समोरासमोर आली, तेव्हा दोन्हीकडे याच बंदुका होत्या. विझणाऱ्या तोड्याची कटकट संपली खरी, पण गारगोटी वीस-तीस बारांत बोथट व्हायची. रंजक तर उघडीच होती.

यावर तोडगा निघाला तो सेनापतीकडून नव्हे. तो काढला एका धर्मोपदेशकाने, आणि तेही शिकारीच्या नादात. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ बदकं मारायला जात. चाप ओढला की आधी रंजकेचा भपका उठायचा आणि बार उडायच्या आत पक्षी सावध होऊन निसटायचे. गडी चिडला. एडवर्ड हॉवर्डने १८०० साली पाऱ्याच्या फुलमिनेटचं वर्णन केलं होतं. हा पदार्थ ठोका बसताच पेटतो, ठिणगी लागतच नाही. फोर्साइथने अशा पदार्थांवर प्रयोग करून १८०७ मध्ये ठोक्याने पेट घेणाऱ्या रचनेचं पेटंट मिळवलं. पुढे ती दारू तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसली. कोकणात ठासणीच्या बंदुकीसाठी जी 'केप' मागतात, ती हीच.

आता आकडे, कारण आपल्या जमातीला आकड्यांशिवाय चैन पडत नाही :) ब्रिटिश सैन्याने १८३४ मध्ये दोन्ही प्रकारांतून प्रत्येकी ६००० बार उडवून पाहिले. चकमकीच्या बंदुकीत ९२२ बार फुसके गेले, केपाच्या बंदुकीत फक्त ३६. म्हणजे साडेसहात एक आणि १६६ मध्ये एक. पुढच्या काही वर्षांत चकमक सैन्यातून हद्दपार झाली यात नवल नाही.

पण १६६ मध्ये एक म्हणजेही शून्य नव्हे. समोर जखमी रानडुक्कर असेल तर तो एक नेमका तेव्हाच येणार! सॅम्युअल कोल्टच्या १८३६ च्या अमेरिकन पेटंटने यावर वेगळाच मार्ग काढला. बार फुसका जाऊच नये याची खात्री देता येत नसेल तर पुढचा बार तयार ठेवा. एक खण फसला तर घोडा पुन्हा ओढा, चक्र फिरतं, पुढचा खण नळीसमोर येतो. आपल्या भाषेत फेलओव्हर. अर्थात नव्या रचनेचे नवे बग आलेच. फुटलेल्या केपेचे तुकडे यंत्रात पडून चक्र अडकायचं. कधी एका खणाची आग शेजारच्या खणांत जाऊन एकदम दोन-तीन बार उडायचे.

१८६० च्या दशकात दारू, गोळी आणि केप एका पितळी काडतुसात बसली आणि पाऊस-वाऱ्याचा प्रश्न बराचसा मिटला. आपल्याकडे १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तिथल्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं दिसतात, म्हणजे किरकी फॅक्टरी. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. पुण्यातल्या आपल्यापैकी किती जण रोज त्या भिंतीजवळून जातात आणि आत काय बनतं याची कल्पनाही नसते.

आता थोडं पणदऱ्याकडे वळू. नीरा डाव्या कालव्याने या बाजूला ऊस आणला, पण त्याच बारामती तालुक्यात सुप्याकडे गेलं की माळरान लागतं. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी ओळखलं जातं. पूर्वी अशा माळांवर शिकार चाले ती बंदुकीने, फाशांनी, कुत्र्यांनी. रिव्हॉल्व्हर हे आपल्याकडे कधीच मुख्य शिकारी हत्यार नव्हतं. फार तर जखमी जनावर संपवायला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तर हौशी शिकारच बंद झाली. आज रिव्हॉल्व्हर म्हणजे परवान्याची, कमरेला लावायची आणि लग्नात दाखवायची वस्तू. रिव्हॉल्व्हर घेऊन शिकारीला जायची परंपरा अमेरिकेतली, विशेषतः १९३५ च्या .३५७ मॅग्नम आणि १९५५ च्या सुमाराच्या .४४ मॅग्नम काडतुसांनंतरची.

त्या शिकाऱ्यांची फुसका बार शोधायची पद्धत मला फार आवडते, कारण ती अस्सल डीबगिंग आहे. न उडालेलं काडतूस हातात घ्यायचं आणि बुडावरच्या केपेचा खळगा बघायचा. खळगा नेहमीसारखा खोल असेल तर दोष काडतुसात: दमट जागेत ठेवलेलं, तेल मुरलेलं, जुनं. खळगा उथळ असेल तर दोष हत्यारात: घोड्याची कमान मेलेली, किंवा आत चिकट घाण साचलेली. खळगा मध्यापासून सरकलेला असेल तर चक्र नळीसमोर नीट थांबत नाहीये. दरवेळी एकच खण फसतो? मग तो खण तपासा. पहिल्या ठोक्याला उडत नाही आणि दुसऱ्याला हमखास उडतं? मग बहुधा केप पूर्ण आत बसलेली नाही. पहिल्या ठोक्याची ताकद तिला आत ढकलण्यातच गेली.

गंमत म्हणजे उथळ खळग्याचं सर्वांत नेहमीचं कारण मालक स्वतः असतो. नेम हलू नये म्हणून चाप हलका हवा, म्हणून कमान हलकी करतात. स्मिथ अँड वेसनच्या मुठीत पुढच्या बाजूला या कमानीचा ताण धरणारा स्क्रू असतो, तो थोडा सैल केला की काम झालं. चाप लोण्यासारखा होतो, चांदमारीला वाहवा मिळते आणि थंडीत जंगलात नेमका बार फुसका जातो. परफॉर्मन्ससाठी एरर चेक काढून टाकल्यासारखंच की हे!

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. सगळे फुसके बार फुसके नसतात. कधी केप पेटते, पण दारू क्षणभर उशिरा पेट घेते. चांदमारीच्या मैदानावर नियम असतो की बार उडाला नाही तर नळी निशाण्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबायचं, ठासणीच्या बंदुकीत त्याहून जास्त. रिव्हॉल्व्हरमध्ये तर लगेच घोडा पुन्हा ओढला तर पेटू घातलेलं काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं आणि तिथे फुटतं. कोल्टची सोय इथे उलटते. नुसता 'फुस्स' आवाज झाला तर आणखी धोका, कारण गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून येणारी दुसरी गोळी नळी फाडते. दिवाळीत विझलेल्या बॉम्बवर वाकणाऱ्या पोराला आजी ओरडते ना, "थांब मेल्या, जाऊ नको जवळ!" नियम तोच.

म्हणूनच प्रत्येक अपयशाला फुसका बार म्हणू नये. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. राग सोलापूरचा होता. तिथल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं होतं. फर्ग्युसनमध्ये बार उडाला, गोळी छातीवर लागलीही, पण खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली. केप, दारू, कमान सगळं चाललं आणि तरी निकाल बदलला. हॉटसन जगला, त्यामुळे गोगट्यांवर खुनाचा आरोप आला नाही. फाशीऐवजी आठ वर्षांची शिक्षा झाली आणि लोक त्यांना पुढे 'हॉटसन गोगटे' म्हणून ओळखू लागले. एका बटणाने दोन माणसं वाचवली.

तेव्हा पुढच्या वेळी टपरीवर कोणी फुसका बार म्हटलं तर आधी विचारा, खळगा किती खोल आहे? दोष काडतुसात, कमानीत, की मध्येच एखादं बटण आलंय? आणि उत्तर मिळेपर्यंत ३० सेकंद थांबा :)

असो. उद्या रविवार, मला भाजी आणायची आहे.