नळीवरचा मुकुट

संग्रहालयात जुने ब्रिटिश रिव्हॉल्व्हर, म्हणजे सहाबारी पिस्तुल, पाहताना आपण कारखान्याचे नाव शोधतो. आम्हाला अधिक बोलके वाटतात ते नळीवरचे आणि फिरत्या चक्रीवरचे बारीक ठसे. ते कारखानदाराचे नव्हेत, परीक्षकाचे. कमअस्सल नळ्या बार उडताना फुटत. म्हणून बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनीच मागणी केली आणि १८१३ च्या कायद्याने तेथे चाचणीगृह निघाले. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार उडवायचा, हत्यार टिकले तरच ठसा मारायचा. चक्रीतील प्रत्येक घराची परीक्षा वेगळी, म्हणून ठसाही प्रत्येक घरावर.

मुकुटाखाली दोन राजदंडांची फुली आणि तिच्या बेचक्यांत 'बीपीसी' ही रोमन अक्षरे असली, तर चाचणी १९०४ पूर्वीची. त्यानंतर मुकुटाखाली सुटसुटीत 'बीपी', 'बीव्ही' आणि 'एनपी' आले. यातला 'एन' नायट्रोचा. नायट्रोसेल्युलोजच्या धूरविरहित दारूचा दाब काळ्या दारूहून बराच जास्त असतो, तेव्हा तिची परीक्षाही निराळी हवी. रसायनशास्त्रातला बदल असा पोलादावर उमटला!

मात्र ठसा चाचणीचा काळ सांगतो, घडणीचा नव्हे. जुने हत्यार पुन्हा विक्रीला काढताना नव्याने तपासले गेले असेल, तर एकाच नळीवर दोन्ही काळांचे मुकुट सापडतात.