रोज दहा ओळी

आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. बचतीचं नाही, पण बचतीच्या अगदी शेजारचं.

मागे एकदा आमच्या गटाची बैठक एका ताईंच्या ओट्यावर होती. घर ख्रिस्ती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, आणि आतून त्यांच्या लेकीचा आवाज आला. पोरगी कॉलेजात जाते. रोज संध्याकाळी शास्त्रपाठातला एक उतारा आजीला ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचायचा, घटकाभर त्यावर विचार करायचा, आणि मनात आलेलं वहीत दोन ओळींत लिहायचं, असा तिचा नेम. त्यांच्या मंडळीच्या तरुण संघातली बरीच मुलं हे करतात. कोणत्या दिवशी काय वाचायचं याची छापील पुस्तिका असते.

आमच्यातल्या एक आक्का म्हणाल्या, "तेच पुस्तक रोज काय वाचायचं गं? एकदा वाचलं की झालं." पोरगी म्हणाली, "आक्का, आजचा उतारा ऐका मग." गोष्ट अशी होती. गुलामीतून सुटलेले लोक रानातून चालले होते, खायला काही नव्हतं. पहाटे जमिनीवर दाणे पडायचे, त्याला ते मान्ना म्हणायचे. ज्यानं त्यानं त्या दिवसापुरते वेचायचे. कुणी उद्यासाठी साठवले, तर सकाळी त्यात किडे. फक्त विसाव्याच्या दिवसाआधी दोन दिवसांचे वेचायची मुभा.

ऐकून एकजण म्हणाली, "हप्त्यासारखंच की. सहा महिन्यांचे एकदम भरू म्हटलं की ते भरलेच जात नाहीत." सगळ्या हसल्या. पण हा रोजच्या वाचनाचा नेम मुळात आला कुठून, असा प्रश्न निघाला. बी.ए.ला इतिहास होता म्हणून शोधायचं काम आमच्याच गळ्यात पडलं. हाताला लागलं ते आज सांगतो.

इंग्लंडच्या शेजारी वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या एका खेड्यात १७८४ साली मेरी जोन्स नावाची मुलगी जन्मली. घर विणकराचं. बाप ती लहान असतानाच गेला. त्या काळी टॉमस चार्ल्स नावाचे एक पाळक गावोगाव फिरत्या शाळा चालवत. मास्तर काही महिने एका गावात राहायचा, लोकांना आपल्या भाषेत वाचायला शिकवायचा, आणि पुढच्या गावाला जायचा. मेरी अशाच शाळेत अक्षरं शिकली. पण शिकून वाचायचं काय? वेल्श भाषेतलं बायबल महाग आणि दुर्मीळ. घरात नव्हतं. वाचायचं तर दोन मैलांवरच्या एका शेतकऱ्याच्या घरी जावं लागे.

मेरीनं पैसे साठवायला सुरुवात केली. लहानसहान कामं करून मिळेल ते बाजूला टाकत गेली. सहा वर्षं साठवलं. १८०० साली, पंधरा वर्षांची असताना, ती पंचवीस मैल, म्हणजे चाळीस किलोमीटर, डोंगरवाटेनं बाला या गावी चार्ल्स यांच्याकडे चालत गेली. अनवाणी. आणि स्वतःचं पुस्तक घेऊन आली.

ते पुस्तक आजही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे. त्यात मेरीनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय की हे मी माझ्या सोळाव्या वर्षी विकत घेतलं, आणि मी कुणाची लेक. आईबाप दोघांचीही नावं आहेत. सख्यांनो, आम्हाला चालण्यापेक्षा ही नोंद जास्त भावली. विणकराच्या पोरीनं आपल्या पैशानं घेतलेल्या वस्तूवर आपलं नाव घातलं. पुढे १८०४ साली लंडनमध्ये बायबल सोसायटी निघाली. लोकांना परवडेल अशा किमतीत, त्यांच्या भाषेत पुस्तक द्यायचं, हे तिचं काम. ती काढण्यात याच टॉमस चार्ल्स यांचा पुढाकार होता.

म्हणजे पुस्तक हातात आलं. पण हातात आलेलं पुस्तक वाचलं जातंच असं नाही. मोठं पुस्तक बघूनच लहान मुलं दबकतात. इथे दुसरी बाई येते. उत्तर इंग्लंडात केझिक नावाचं गाव आहे. तिथे अ‍ॅनी मार्स्टन नावाच्या बाई रविवारच्या शाळेत मुलींना शिकवत. मुलींनी घरी रोज थोडं वाचावं म्हणून त्या आठवड्याचे उतारे ठरवून द्यायच्या. त्याची यादी प्रत्येकीसाठी हातानं लिहायच्या. लिहून लिहून हात दुखायला लागल्यावर त्यांनी लंडनला मुलांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेला कळवलं, की ही यादी छापून द्या. संस्थेची माणसं आधी का-कू करत होती. शेवटी १ एप्रिल १८७९ रोजी पहिलं कार्ड निघालं. रोज एक लहान उतारा, सगळ्यांनी त्या दिवशी तोच वाचायचा. ते कार्ड देशोदेशी गेलं. पुढे त्याला जोडून उताऱ्याचा अर्थ सांगणाऱ्या, विचारायला प्रश्न देणाऱ्या पुस्तिका निघाल्या. आमच्या ताईंच्या लेकीच्या हातातल्या पुस्तिकेचं घराणं हेच.

आता मराठीकडे या. मराठी नवा करार १८११ साली सेरामपूरला छापला गेला. हे आपलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं. विल्यम केरी आणि त्यांचे पंडित यांनी ते काम केलं. नंतर आणखी भाषांतरं झाली. पण पुस्तकी मराठी आणि चुलीपुढची मराठी यांत अंतर राहिलंच.

ते अंतर पंडिता रमाबाईंना खुपलं. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा विरोध सोसून बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं होतं. रमाबाई पुढे १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ, टाकलेल्या मुलींना गोळा करून आणलं. त्यांच्यासाठी दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथल्या मुलींना समजेल असं पुस्तक हवं म्हणून या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला, आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. टाइप जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुक्तीतल्या बायका-मुलींनी केलं. १९२१ साली त्यांची एकुलती लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

खरं सांगायचं तर ते भाषांतर मंडळ्यांमध्ये फारसं रुळलं नाही. मूळ शब्दाला धरून राहायच्या हट्टात वाक्यं काही ठिकाणी अवघड झाली. पण दुष्काळातून आलेल्या मुलींच्या बोटांनी अख्खं पुस्तक अक्षर अक्षर जुळवलं, हे काही लहान नाही.

हे सगळं पुढच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा ती पोरगी तिची वही घेऊन आली. म्हणाली, सगळेच दिवस गोड नसतात. काही उतारे नुसत्या नावांच्या याद्या, वाचताना जांभया येतात. एकदा अशीच जनगणनेची यादी वाचताना तिला पाच बहिणी सापडल्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप सलाफहाद मेलेला, भाऊ नाही. त्या पाचजणी सगळ्या पंचांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं? आम्हाला जमीन द्या. आणि मिळाली. पुढे लग्न आपल्याच वंशात करायची अट मात्र पडली, हेही तिनं लिहिलं होतं. खाली तिची ओळ होती की आईला विचारायचं, आजोबांच्या सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का. सख्यांनो, त्या संध्याकाळी बैठक तासभर लांबली. कारण हा प्रश्न फक्त तिच्या आईचा नव्हता.

आता त्या आक्कांचं सांगतो. त्या साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या होत्या, पण पुढे हातात काही आलंच नाही. विळा वापरला नाही की गंजतो, तशी अक्षरं गेली. मग एका खाजगी सावकारी कर्जाच्या कागदावर त्यांनी अंगठा दिला. साक्षीदार म्हणून, असं त्यांना सांगितलं होतं. वसुलीला माणसं दारात आली तेव्हा कळलं, त्या जामीन होत्या. दोन वर्षं त्यांनी दुसऱ्याचं कर्ज फेडलं. आणि आम्ही पदवी घेतलेल्या तरी काय? परीक्षा झाल्यापासून एक पुस्तक पुरं वाचलं नव्हतं.

तेव्हा गटात ठरलं, प्रत्येकीनं रोज दहा ओळी वाचायच्या. काय वाचायचं ते जिचं तिनं ठरवायचं. आक्कांनी हरिपाठ घेतला. तो त्यांना तोंडपाठ आहे, त्यामुळे बोट पुढे सरकवलं की पुढचं अक्षर कोणतं ते आधीच ठाऊक असतं. या युक्तीनं गेलेली अक्षरं हळूहळू परत येतात. त्या ख्रिस्ती घरातल्या आजी तशाच पाठ असलेल्या स्तोत्रांवरून अक्षरं लावायला लागल्यात. दोघी एकमेकींना विचारतात, "झाल्या का दहा?"

कालच्या बैठकीत बँकेच्या कर्जाचा ठराव सह्यांसाठी फिरला. आक्कांनी कागद घेतला आणि वाचायला लागल्या. एकेका शब्दावर अडत, पुन्हा मागे जात. बराच वेळ लागला. कुणाला स्वयंपाकाची घाई होती, कुणाची गाय दुभायची होती, पण कुणी "आटपा" म्हणालं नाही. वाचून झालं, एक रक्कम त्यांनी पुन्हा विचारून घेतली, आणि मग सही केली.

तुमच्या गटातही कुणी अशी अडखळत वाचत असेल, तर थांबा तिच्यासाठी. नमस्कार.